संहिता जुनी, प्रयोग नवा

भंडारा जिल्ह्यांतील दिघोरी हें गांव झाडीपट्टीच्या मुलखांत मोडतें. भाताचीं पिकें निघालीं, खळीं आटोपलीं, कीं ह्या मुलखांत नाटकांचे दिवस येतात. वडशाच्या नाटकमंडळ्या गांवोगांव जातात आणि थंडीच्या रात्रीं सबंध गांव मंडपांत बसून उजाडेपर्यंत खेळ पाहतें. पुष्कळदां नाटक माहितीचेंच असतें. शेवटीं कोण हंसणार आणि कोण रडणार, हें शेजारच्या गांवीं तोच खेळ पाहिलेल्यांनीं आधींच सांगितलेलें असतें. तरीहि मंडप ओस पडत नाहीं. कारण लोक येतात ते गोष्ट कळावी एवढ्यासाठीं नव्हे, तर प्रयोग पाहावा म्हणून. संहिता निराळी आणि प्रयोग निराळा, हा भेद मराठी माणसाला कोणीं शिकवावा लागत नाहीं. पाश्चात्त्य संगीतांतील एका नेहमींच्या प्रश्नाचें उत्तर ह्याच भेदांत सांपडतें.

तो प्रश्न असा. गुस्टाव्ह माहलर ह्या रचनाकाराची दुसरी सिंफनी १८९४ सालीं लिहून पूर्ण झाली. तिच्यांतील प्रत्येक स्वर, प्रत्येक वाद्याचें काम, प्रत्येक विराम कागदावर बांधलेला आहे. तिच्या ध्वनिमुद्रिकाहि अनेक निघाल्या आहेत. असें असतां १९७५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या एका संचालकानें तीच कृति व्हिएन्ना येथें मुद्रित केली, तेव्हां त्यानें नवें असें काय दिलें? कीं जुन्याच मालावर नवें वेष्टन चढविलें?

उत्तराआधीं सिंफनी आणि संचालक ह्या दोन शब्दांचा अर्थ पाहिला पाहिजे. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं रचलेली, बहुधा चार भागांची, दीर्घ कृति. आपल्याकडील ख्यालगायकाला बंदिशीच्या दोन ओळी पुरतात. पुढचा विस्तार त्याचा स्वतःचा. सिंफनींत हा विस्तारहि रचनाकारानेंच लिहून ठेवलेला असतो. मग संचालकाच्या हातीं राहतें काय? पुष्कळ राहतें. ‘सावकाश’ असें लिहिलें, म्हणजे किती सावकाश? ‘जोरानें’ म्हणजे पितळी वाद्यांनीं व्हायोलिनांना झांकून टाकावें इतक्या जोरानें, कीं दोन्ही स्पष्ट ऐकूं यावींत इतक्या? विराम किती ताणावा? सर्वांत उंच शिखर कोठें मानावें, आणि त्याआधींच्या टेकड्या चढतांना किती शक्ति राखून ठेवावी? बालगंधर्वांचें एकच पद दोन रात्रीं सारखें रंगत नसे. संचालक स्वतः एकहि वाद्य वाजवीत नाहीं. नव्वद-शंभर वादकांचा एक श्वास करणें, हेंच त्याचें वादन.

माहलरची ही दुसरी सिंफनी संचालकाची परीक्षाच पाहते. ती चार नव्हे, पांच भागांची आहे आणि तिला जवळजवळ दीड तास लागतो. दहा हॉर्न, तितकेच ट्रंपेट, ऑर्गन, घंटा, दोन गायिका आणि मोठा गायकवृंद इतका परिवार तिला लागतो. तिचा विषयहि तसाच मोठा: मृत्यु, आणि मृत्यूनंतर काय? पहिला भाग ही एका वीराची अंत्ययात्रा आहे. तो माहलरनें हान्स फॉन ब्यूलो ह्या नामांकित संचालकाला १८९१ सालीं पियानोवर ऐकविला, तेव्हां ब्यूलोनें कानांवर हात ठेवले. पुढें कृतीचा शेवट माहलरला कांहीं केल्या सुचेना. १८९४ सालीं ब्यूलो वारला. हँबुर्ग येथें त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं गायकवृंदानें क्लोपस्टॉक ह्या कवीचें पुनरुत्थानाचें गीत म्हटलें, आणि त्या क्षणीं माहलरला आपल्या सिंफनीचा शेवट दिसला. ज्यानें कान झांकले, त्याच्याच मरणानें ती कृति पुरी करविली. १३ डिसेंबर १८९५ रोजीं बर्लिन येथें माहलरच्या स्वतःच्या संचालनाखालीं ती प्रथम संपूर्ण वाजली.

आतां प्रयोगकर्त्याकडे वळावें. श्री. झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजीं मुंबईंत एका पारशी कुटुंबांत झाला. वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. १९३५ सालीं त्यांनीं मुंबईंत बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलाच्या कानांवर लहानपणापासून दोन गोष्टी पडत होत्या: घरांतील वाद्यांच्या तालमी आणि परदेशांतून आलेल्या तबकड्या. वैद्यकीचा विचार सोडून १९५४ सालीं ते व्हिएन्नाला गेले. तेथें त्यांनीं हान्स स्वारोव्स्की यांच्यापाशीं संचालनाचे धडे घेतले आणि वाद्य म्हणून डबल बेस हातीं धरलें. सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो यांच्यासह ते एका मोठ्या गायकवृंदांत दाखल झाले. थोर संचालकांच्या तालमी जवळून पाहतां याव्यात, हा त्यांतील हेतु होता. मुंबईच्या तबकडींत जो नाद बंदिस्त होता, तो त्यांना आतां प्रत्यक्ष भेटला. १९६१ सालीं त्यांनीं व्हिएन्ना फिलहार्मनिक ह्या वाद्यवृंदाचें प्रथम संचालन केलें आणि १९६५ सालीं ब्रुकनरची नववी सिंफनी त्याच्यासह मुद्रित केली. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीची पाळी त्यानंतर दहा वर्षांनीं आली.

हें मुद्रण डेक्का कंपनीनें व्हिएन्नाच्या सोफियनझाल ह्या दालनांत केलें. हें दालन मुळांत १८३८ सालीं स्नानगृह म्हणून बांधलेलें होतें. पुढें जमिनीखालच्या जुन्या तलावावर तक्तपोशी पडून नृत्याची व संगीताची जागा झाली. खालीं पोकळी आणि वर कमानदार छत, ह्यांमुळें नादाला तेथें एक भरीवपणा येत असे. २००१ सालीं आगीनें तें दालन जळालें. त्याचा तो जुना नाद आतां ध्वनिमुद्रिकांतच उरला आहे. गायिका होत्या इलियाना कोत्रुबाश आणि क्रिस्टा लुडविग.

ह्या ध्वनिमुद्रिकेचें नवेपण पहिल्या अर्ध्या मिनिटांतच ऐकूं येतें. आरंभीं व्हायोलिनांचा एक स्वर थरथरत राहतो, आणि त्याखालून चेलो व डबल बेस एकदम झेप घेतात. कित्येक संचालक ह्या झेपेंत गांभीर्य शोधतात. मेहतांच्या हातीं ती रानटी, दांत-ओठ खाऊन उठलेली वाटते. परंतु एकहि स्वर दुसऱ्यांत चुरगाळला जात नाहीं. खर्जाचीं वाद्यें कोठवर ताणतां येतात, हें डबल बेस स्वतः वाजविलेल्या माणसाला वेगळें सांगावें लागत नाहीं. दुसऱ्या भागाची नृत्यलय मात्र ते वादकांवर सोपवितात. ती चाल व्हिएन्नाच्या वादकांच्या अंगांतच मुरलेली आहे. चौथ्या भागांत लुडविग यांचा आवाज येतो तेव्हां पूर्वींचा सारा गलबला ओसरून एकाकी माणसाची प्रार्थना तेवढी उरते. शेवटच्या भागांत दालनाबाहेरून, दुरून, हॉर्न आणि ट्रंपेट हांक देतात आणि बांसरी पक्ष्यासारखी उत्तर देते. त्यानंतर गायकवृंद जवळजवळ ऐकूं न येणाऱ्या आवाजांत आरंभ करतो. येथें मेहता घाई करीत नाहींत. ऑर्गन आणि घंटा येईपर्यंत त्यांनीं खरी शक्ति हातची राखलेली असते, हें शेवटीं ध्यानांत येतें.

तुलनेनें ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. हीच कृति ऑटो क्लेंपररनें १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं लंडनच्या वादकांसह सुमारे ७९ मिनिटांत मुद्रित केली. हा क्लेंपरर तरुणपणीं, १९०५ सालीं, बर्लिनमध्यें माहलरच्या समक्ष ह्याच सिंफनींतील पडद्यामागच्या वादकांचें संचालन करून गेला होता. लेनर्ड बर्नस्टाइननें १९८७ सालीं न्यूयॉर्क येथें केलेल्या मुद्रणाला ९३ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. मेहतांचें मुद्रण सुमारे ८१ मिनिटांचें. संहिता एकच असतां चौदा मिनिटांचा फरक! क्लेंपरर दगडी चिरे रचतो, बर्नस्टाइन प्रत्येक जखमेपाशीं थांबतो, मेहता नाट्य चालतें ठेवतात. ह्यांत खरा कोण आणि खोटा कोण, असा निवाडा मागणें व्यर्थ आहे. लिखित प्रतींत ह्या तिघांनाहि जागा आहे.

परंतु ह्या मुद्रणाला आणखी एक बाजू आहे. माहलर जन्मानें ज्यू. १८९७ ते १९०७ तो व्हिएन्नाच्या राजसंगीतगृहाचा प्रमुख होता आणि १८९८ ते १९०१ ह्याच वाद्यवृंदाच्या सभांचें संचालन तो करी. १९३८ सालीं नाझी सत्ता आली आणि त्याचें संगीत ह्या शहरांत बंद झालें. वाद्यवृंदाचा अग्रवादक आर्नोल्ड रोझे हा माहलरचा मेहुणा; १८८१ पासून तो तेथें वाजवीत होता. त्यालाहि देश सोडावा लागला आणि १९४६ सालीं तो लंडनमध्यें वारला. ज्या वाद्यवृंदाची परंपरा अशी मध्येंच तुटली होती, त्याच्यापुढें १९७५ सालीं उभा राहिला तो मुंबईचा पारशी. माहलरच्या संगीतावर त्याचा वंशानें कांहीं हक्क नव्हता. हक्क आला तो साधनेनें.

तबकडी म्हणजे प्रयोगाचा अंत, असें मात्र कोणीं समजूं नये. १९२०-३० च्या दशकांत ऑस्कार फ्रीडनें हीच सिंफनी मुद्रित केली, तेव्हां एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेंच मावत आणि संगीताचे तुकडे पाडावे लागत. दीर्घ तबकडींत ही अडचण सरली आणि एक चमत्कारिक लाभहि झाला. पहिल्या भागानंतर निदान पांच मिनिटें थांबावें, अशी माहलरची सूचना आहे. घरीं तबकडी उलटावयास उठलेल्या श्रोत्याकडून ती थोडीबहुत आपोआपच पाळली जाई. अखंड वाजणाऱ्या यंत्रांत हा विराम श्रोत्यानें स्वतः घ्यावा लागतो, आणि तो अवश्य घ्यावा.

खुद्द मेहतांनींहि ही कृति १९७५ च्या मुद्रणांत संपविली नाहीं. १९८८ सालीं इस्रायलांत मसाडा येथील प्राचीन किल्ल्याच्या पायथ्याशीं, आणि २९ ऑगस्ट १९९९ रोजीं जर्मनींत बुखेनवाल्डच्या जुन्या छळछावणीनजीक, त्यांनीं हीच सिंफनी पुन्हां वाजविली. दुसऱ्या प्रसंगीं इस्रायलचे आणि म्युनिकचे वादक एकाच वृंदांत शेजारीं शेजारीं बसले होते. स्वर तेच होते, विराम तेच होते. परंतु पुनरुत्थानाच्या गीताला त्या भूमीवर जो अर्थ आला, तो सोफियनझालच्या चार भिंतींत येणें शक्य नव्हतें.

म्हणून जुन्या सिंफनीचें नवें मुद्रण हातीं आलें, तर तें आधींच्याहून चांगलें कीं वाईट, हा पहिला प्रश्न नसावा. ह्या माणसानें कोठें थांबावयाचें ठरविलें, आणि कोठें थांबण्याचें नाकारलें, हें प्रथम ऐकावें. दिघोरीच्या मुलखांतील प्रेक्षक रात्रभर मंडपांत बसून माहितीच्या नाटकांत हेंच तर पाहत असतो.