पकडलेली राख

संपादकांनी मला बीड जिल्ह्यातल्या परळीला धाडलं. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवर लेख हवा होता. पण चिमणीत पाहण्यासारखं काय असतं? खरी गंमत तिच्या अलीकडे आहे.

इतिहास थोडक्यात. 1971 मध्ये 30 मेगावॅटच्या संचाने सुरुवात झाली, पुढे 210 मेगावॅटचे संच आले. ते सगळे आता मोडीत. आज महानिर्मितीचे 250 मेगावॅटचे तीन संच उरलेत. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला साधारण चार हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते.

ही राख धुरातून वेगळी करणारं यंत्र म्हणजे ईएसपी, अर्थात इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. चार मजली इमारतीएवढा पेटारा, आत पत्र्यांच्या रांगा आणि त्यांच्या मधोमध लोंबणाऱ्या तारा. तारांवर हजारो व्होल्टचा दाब. धुरातल्या कणांवर विद्युतभार चढतो आणि ते पत्र्यांना जाऊन चिकटतात. मग ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि थर खाली हॉपरमध्ये पडतो. ऐकायला सोपं आहे. पण आपल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळे राख विजेला जुमानत नाही आणि पत्रा सोडायलाही तयार नसते. ठोका हलका पडला तर थर साचतो. जोरात बसला तर सुटलेली राख पुन्हा धुरात उडते. ठोक्याचा हा नेम साधणाऱ्या कारागिरीचं मला फार अप्रूप वाटलं. यंत्र नीट चाललं तर शंभरातले नव्व्याण्णवहून जास्त कण अडतात. वायू मात्र सरळ निसटतात; सल्फर डायऑक्साइडला हातोड्याचं भय नाही.

अडलेल्या राखेचं पुढे काय? बरीच राख पाण्यात कालवून दादाहरी वडगावच्या तळ्यात सोडली जाते. पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं. 2013 च्या दुष्काळात तेच आटलं आणि अख्खं केंद्र बंद पडलं. तळं वाळलं की उन्हाळ्यातल्या वाऱ्याने राख घरात, ताटात, कापसाच्या बोंडावर येऊन बसते. वीटभट्ट्यांना ती हवीच असते, म्हणून हायवा डंपर भरभरून रस्त्यावर धावतात. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्याच मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर राखेच्या बेकायदा वाहतुकीची चर्चा राज्यभर झाली. परळीकरांना त्यात नवं काही नव्हतं.

राख झाकूनच न्यावी, असा केंद्र सरकारचा नियम आहे. सायलोतली कोरडी राख बंद बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे जाते, तिचं वजन होतं, पावती फाटते. तळ्यावरच्या उपशालाही असाच वजनकाटा आणि पावती लागू करायला हवी, ताडपत्रीची तपासणी त्याच फाटकावर व्हायला हवी. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही.