‘टेस’ आणि ‘तृष्णा’: प्रेमकथेच्या आड दडलेला वर्ग

थॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) ही फसवल्या गेलेल्या मुलीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती घराची गोष्ट वाटते. टेसच्या कुटुंबाचं घर तीन हयातींच्या करारावर आहे. करारात धरलेली तीन माणसं जगतील तोवरच ते त्यांचं. तिसरा माणूस म्हणजे टेसचा बाप. तो जातो आणि आई-भावंडं उघड्यावर येतात. तिला फसवणाऱ्या, नको असलेल्या ॲलेककडे टेस परत का जाते, याचं उत्तर इथे आहे. हाच बाप डर्बरव्हिल या जुन्या सरदार घराण्याचा खरा वंशज. ॲलेकच्या वडिलांनी पैसा कमावल्यावर ते आडनाव फक्त उचललेलं!

मायकेल विंटरबॉटमने ‘तृष्णा’मध्ये (२०११) ही गोष्ट राजस्थानात आणली. मुंबईची फ्रीडा पिंटो झाली तृष्णा. कादंबरीत घरची कमाई घोडा मेल्याने थांबते, इथे जीपच्या अपघाताने. मग तिला नोकरी देतो जय, हॉटेलमालकाचा इंग्लंडमध्ये वाढलेला मुलगा. ॲलेक आणि टेसचा नवरा एंजल हे दोघंही दिग्दर्शकाने या एका जयमध्ये घातलेत, आणि सिनेमाची खरी ताकद त्यातच आहे. मुंबईत दोघं जोडप्यासारखी राहतात. राजस्थानातल्या हॉटेलात परतल्यावर मात्र तो मालक, आणि ती त्याच्या खोलीत ताट घेऊन जाणारी नोकर. प्रियकराचा मालक होताना बघून अंगावर काटा येतो.

जातीला सिनेमा फारसा हात घालत नाही, हे मला खटकलं. तरी जरूर बघा, पण कादंबरी आधी वाचा.