रानवाटेची पहिली शर्यत : नवशिक्यानें कोणती निवडावी?

पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त राहिलेली मुलें दिवाळीस घरीं आलीं म्हणजे अलीकडे त्यांच्या सामानांत एक नवीनच वस्तु दिसूं लागली आहे : तळव्यास खोल खांचे असलेले व तांबड्या मातीनें माखलेले बूट. चौकशी केली असतां कळतें कीं, चिरंजीव किंवा सूनबाई एका रविवारीं पहाटे उठून डोंगरांतील पायवाटेनें धांवण्याच्या शर्यतीस जाऊन आल्या. मग घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस हा निव्वळ अविचार वाटतो; तरुणांस त्यांत कांहीं भय आहे हेंच मान्य नसतें; आणि धाकटीं भावंडें "पुढच्या वेळीं आम्हांसही न्या" म्हणून हट्ट धरून बसतात. प्रस्तुत लेख दोन्ही पक्षांसाठीं आहे. नको म्हणणाऱ्यानें काय पाहून होकार द्यावा, आणि उतावीळ झालेल्यानें काय पाहिल्यावांचून पाऊल उचलूं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम हा प्रकार कोणता तें पाहूं. ह्यास इंग्रजींत 'ट्रेल रनिंग' म्हणतात. आपण त्यास रानवाटेची शर्यत म्हणूं. डांबरी रस्ता सोडून माळ, रान, डोंगर अशा मोकळ्या सृष्टींतील कच्च्या वाटेनें धांवावयाचें, हें तिचें मुख्य लक्षण. ह्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना २०१३ सालीं स्थापन झाली. तिच्या व्याख्येप्रमाणें पक्क्या रस्त्याचा भाग एकंदर मार्गाच्या एक-पंचमांशाहून अधिक असूं नये. २०१५ सालीं जागतिक अॅथलेटिक्स महासंघानेंही ह्या प्रकारास आपल्या क्रीडांत स्थान दिलें. मूळ कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडच्या सरोवर-प्रांतांतील ग्रासमिअर येथें डोंगर चढून उतरण्याची शर्यत १८६८ पासूनची आहे. युरोपांतील मों ब्लां पर्वतास तीन देशांतून प्रदक्षिणा घालणारी सुमारें १७० कि.मी. ची प्रसिद्ध शर्यत २००३ सालीं सुरू झाली; तींत एकंदर चढच सुमारें १०,००० मीटर भरतो. नवशिक्यानें अशा शर्यतींचीं चित्रें अवश्य पाहावींत. परंतु त्या पाहून आपलें माप ठरवूं नये.

आपल्या मुलखास पायांचें सामर्थ्य कांहीं परकें नाहीं. अंगारकी चतुर्थीस जालन्याहून राजूरच्या गणपतीस रात्रभर चालत जाणारी माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत, आणि त्यांत शाळकरी मुलांपासून साठी उलटलेल्या बायकांपर्यंत सर्व असतात. शास्त्रोक्त शिक्षण मिळाल्यास ह्याच मातींतले पाय कोठवर पोहोंचतात, ह्याचें उदाहरणही दूर नाहीं. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या मांडवा गांवचा अविनाश साबळे ह्यानें २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्यें रौप्यपदक मिळविलें, २०२३ च्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तो ह्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवला. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागांतून आलेली कविता राऊत हिनें २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटर धांवण्यांत कांस्यपदक पटकाविलें. तेव्हां प्रश्न अंगांत बळ आहे कीं नाहीं हा नव्हे. तें कोणत्या मापानें खर्चावें हा आहे.

तें माप काढण्याची एक सोपी रीत उपरिनिर्दिष्ट संघटनेनेंच दिली आहे. शर्यतीचें अंतर कि.मी. मध्यें घ्यावें, मार्गांतील एकंदर चढ मीटरमध्यें घेऊन त्यास शंभरांनीं भागावें, आणि दोहोंची बेरीज करावी. समजा, अंतर ११ कि.मी. आणि चढ ६०० मीटर आहे. मग ११ आणि ६ मिळून श्रमाचें माप १७ झालें. म्हणजे ही शर्यत सपाट १७ कि.मी. इतकी समजावी. सिंहगडास पायथ्याच्या आतकरवाडीहून पायवाटेनें एकदां चढून गेल्यास सुमारें ६०० मीटरच चढ होतो, हें ध्यानांत ठेविल्यास आंकड्याचा अर्थ पायांस कळेल. संघटनेच्या वर्गीकरणांत २४ पर्यंतचें माप सर्वांत लहान वर्गांत येतें, २५ ते ४४ दुसऱ्या वर्गांत. नवशिक्यानें पहिली शर्यत पहिल्या वर्गांतीलच घ्यावी, आणि तींतही २० च्या आंत राहावें हें उत्तम. जाहिरातींत अंतर ठळक अक्षरांत असतें, चढ मात्र पुष्कळदां कोपऱ्यांत दडलेला असतो. ज्या जाहिरातींत तो मुळींच दिलेला नसेल, ती शर्यत नवशिक्यासाठीं नव्हे असें खुशाल समजावें.

दुसरें गणित वेळेचें. विल्यम नेस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक ठोकताळा सांगितला, तो आजही उपयोगी पडतो : दर पांच कि.मी. चालण्यास एक तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. वरच्या उदाहरणांत त्याप्रमाणें सुमारें सव्वातीन तास होतात. आणि हा हिशेब केवळ चालण्याचा आहे. आतां शर्यतीची कालमर्यादा पाहावी. ती चार तासांची असेल तर अर्धी वाट चालत जाणाऱ्यासही शर्यत सुखानें पुरी करतां येईल. ती अडीच तासांची असेल तर शर्यत पटाईतांची आहे असें समजून नवशिक्यानें दुसरीकडे वळावें. कालमर्यादा सैल असणें हेंच नवशिक्यास दिलेलें खरें आमंत्रण होय.

आतां महाराष्ट्रांतील दोन-तीन नांवें ह्या कसोट्यांवर घासून पाहूं. सातारा येथील हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते व तिचें नांव सर्वतोमुखीं आहे. परंतु यवतेश्वरच्या घाटानें जाणारी ही २१ कि.मी. ची शर्यत डोंगरी असली तरी डांबरी आहे. चढाची संवय करण्यास ती चांगली. रानवाटेची ओळख तींत होणार नाहीं. सिंहगड-राजगड-तोरणा ह्या तीन गडांच्या नांवानें भरणारी एस.आर.टी. अल्ट्रा ही मात्र खरीखुरी रानवाटेची शर्यत. ती डिसेंबरांत भरत आली आहे आणि तींत १००, ५३ व २५ कि.मी. ह्या कठीण अंतरांबरोबर ११ कि.मी. चें अंतरही ठेवण्यांत आलेलें आहे. मोठ्या शर्यतीचें लहान अंतर घेण्यांत नवशिक्याचा दुहेरी लाभ असतो : व्यवस्था मोठ्या शर्यतीची मिळते, श्रम लहान शर्यतीचे पडतात. कर्नाटकांत चिकमगळूरकडील कॉफीच्या मळ्यांतून होणारी मलनाड अल्ट्रा रम्य आहे खरी, परंतु ती मुख्यतः ५० कि.मी. व त्याहून लांब पल्ल्यांसाठीं ओळखली जाते; तिचा विचार दोन-तीन वर्षांनीं करावा. वेळापत्रकें दरसाल बदलतात, म्हणून नांवनोंदणीपूर्वीं त्या त्या वर्षाची अधिकृत माहिती आंतरजालावर पाहून घ्यावी, आणि पूर्वीं ती शर्यत धांवलेल्या एका तरी माणसाशीं प्रत्यक्ष बोलावें.

येथवर श्रमाचा विचार झाला, आतां जिवाचा. २२ मे २०२१ रोजीं चीनच्या गांसू प्रांतांत १०० कि.मी. च्या डोंगरी शर्यतीस १७२ धांवपटू निघाले. दुपारीं एकाएकीं वादळी वारा, गारा व गोठविणारा पाऊस सुरू झाला, आणि २१ जण थंडीनें गारठून मृत्यु पावले. त्यांत त्या देशांतील नामांकित धांवपटूही होते. पुष्कळांच्या अंगांत आंखूड चड्डी व पातळ सदरा एवढेंच होतें, कारण वारा अडविणारें जाकीट जवळ बाळगणें आयोजकांनीं सक्तीचें केलेलें नव्हतें. मार्गाच्या सर्वांत बिकट भागांत वाहन पोहोंचूं शकत नव्हतें. एका मेंढपाळानें आपल्या गुहेंत आसरा देऊन सहा जणांचे प्राण वांचविले. ह्या घटनेचा अर्थ शर्यत वाईट असा नव्हे. बळ आणि अनुभव असूनही व्यवस्थेवांचून माणूस उघडा पडतो, हा तिचा अर्थ आहे.

म्हणून नांव नोंदविण्यापूर्वीं आयोजकांस पांच प्रश्न लेखी विचारावेत. मदतकेंद्रें किती कि.मी. वर आहेत आणि तेथें पाण्याखेरीज काय मिळेल? वाटेवर खुणेच्या फिती व प्रत्येक फांट्यावर माणूस असेल काय? सर्वांच्या मागून चालणारा, कोणासही मागें न सोडणारा स्वयंसेवक नेमला आहे काय? वैद्य व रुग्णवाहिका कोठें उभी राहील, आणि जेथें ती पोहोंचत नाहीं तेथून माणसास खालीं कसें आणणार? हवा बिघडल्यास शर्यत थांबविण्याचा निर्णय कोण घेणार? ज्या आयोजकांस ह्या प्रश्नांचा राग येईल, त्यांच्याकडे आपलें मूल पाठवूं नये. जे शिटी, जाकीट व पाण्याची पिशवी सक्तीची करतात, त्यांस कटकटे न समजतां त्यांचे आभार मानावेत. सह्याद्रींत आग्या मोहोळ हेंही एक भय आहे. अत्तर, धूर व आरडाओरड तेथें वर्ज्य समजावी. आणीबाणीस १०८ हा क्रमांक सर्वांस ठाऊक असावा.

तयारीसाठीं मात्र गांव सोडण्याचें कारण नाहीं. बदनापुरासारख्या ठिकाणीं ती पुण्याहूनही बरी होईल. कृषी संशोधन केंद्राच्या तुरीच्या वाणांमुळें हें नांव शेतकऱ्यांत सर्वत्र पोहोंचलें आहे. त्याच काळ्या जमिनींतून जाणाऱ्या पांदणी ही नवशिक्याची पहिली पाठशाळा. पावसाळ्यांत मात्र ही काळी माती पायास गोळ्यागोळ्यांनीं चिकटते आणि घसरगुंडी होते. त्या दिवसांत मुरमाड माळ धरावा. उन्हाळ्यांत भेगाळलेल्या रानांत घोटा मुरगळण्याचें भय असतें. चढाच्या अभ्यासास सोमठाण्याच्या रेणुकामातेची टेकडी आहे. आठवड्यांतून एकदां ती चढावी, आणि उतरतांना पावलें लहान ठेवावींत, कारण गुडघे चढानें नव्हे, उतारानें दुखतात. सकाळीं काठी घेतलेला सोबती बरोबर असावा. गवतांत सर्प आणि वस्तीवर कुत्रीं, हीं दोन्हीं खरींच आहेत.

किती धांवावें, ह्याचें उत्तर आपल्या वैद्यकांत पूर्वींच दिलेलें आहे. वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, आणि तो थंडीच्या दिवसांत व वसंतांत करून इतर ऋतूंत अगदीं मंद ठेवावा, असें सांगितलें आहे. अर्धी शक्ति सरली हें कसें ओळखावें? सुश्रुतानें त्याची खूण दिली : श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ खर्ची पडलें. आजचे शिक्षक हेंच निराळ्या शब्दांत सांगतात, कीं धांवतांना सोबत्याशीं पुरें वाक्य बोलतां यावें. मराठवाड्याच्या ऊन्हांत तर हा नियम दुप्पट कसोशीनें पाळावा.

आहाराविषयीं दोन शब्द आपल्या घरांतील गृहिणींसाठीं. आदल्या रात्रीं साधा भात, वरण व तूप. सकाळीं निघण्यापूर्वीं दोन तास केळें किंवा राजगिऱ्याचा लाडू. वाटेंत गूळ-शेंगदाणे व चिमूटभर मीठ घातलेलें लिंबाचें सरबत, एवढें पुरे. शर्यतीचा रविवार एकादशीस किंवा संकष्टीस आला तर उपाशीपोटीं धांवूं नये. व्रत किंवा शर्यत ह्यांपैकीं एक निवडावें, अथवा घरांतील वडिलांनीं त्या दिवसापुरती मोकळीक द्यावी. पाणी मात्र तहानेपुरतेंच प्यावें. बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धांवपटूंच्या २००२ सालीं केलेल्या रक्ततपासणींत १३ टक्के लोकांच्या रक्तांतील सोडियमचें प्रमाण घसरलेलें आढळलें, आणि त्याचें मुख्य कारण वाजवीपेक्षां अधिक द्रव पिणें हें होतें.

सुनांविषयीं व मुलींविषयीं वेगळें लिहिण्याचें वस्तुतः कारण नसावें. परंतु घरोघर परवानगीचा प्रश्न तेथेंच अडतो, म्हणून लिहितों. ज्या घरांत मुलास बूट घेऊन दिले जातात त्या घरांत सुनेसही घेऊन द्यावेत, आणि तिच्या सकाळच्या त्या पाऊण तासाचें काम दुसऱ्या कोणी उचलावें. "जा" असें म्हणून चहा-दशमीचें ओझें तिच्याच डोक्यावर ठेवणें ही परवानगी नव्हे. पन्नाशी उलटलेल्यांनीं, तसेंच रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचें दुखणें असलेल्यांनीं आधीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. तपासणींत सर्व ठीक निघाल्यास वय आडवें येऊं देऊं नये.

डिसेंबरांतील एखादी शर्यत मनांत धरली असेल तर गौरी-गणपति उरकतांच प्रारंभ करावा. म्हणजे बारा आठवडे मिळतात. पहिले चार आठवडे चालणें आणि मधून मधून धांवणें. पुढचे पांच आठवडे रविवारीं टेकडी. नंतर दोन आठवडे शर्यतीच्या श्रम-मापाच्या तीन-चतुर्थांशापर्यंत एक-एक फेरी. आणि शेवटचा आठवडा विश्रांति. शर्यतीच्या दिवशीं क्रमांकाकडे पाहूं नये. मागून चालणाऱ्या स्वयंसेवकाशीं गप्पा मारीत जो सर्वांत शेवटीं येतो, त्याचेंही अंतर तितकेंच असतें आणि चढही तोच. वर त्यास रान पाहावयास सर्वांपेक्षां अधिक वेळ मिळालेला असतो.