अर्नेस्ट बोर्स पुरस्कार: मज्जारज्जूच्या वैद्यकातील तरुण संशोधकांसाठी

मज्जारज्जू, म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यातील संदेशांची ने-आण करणारी, पाठीच्या कण्यातून उतरणारी मज्जातंतूंची जुडी, चेचली वा तुटली असता रुग्णाची जी आयुष्यभर काळजी घ्यावी लागते तिचे शास्त्र वैद्यकात फार जुने नाही. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांतच दगावत, आणि त्यांचा जीव पुष्कळदा कण्यातील जखमेपेक्षा मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने आणि एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या शय्याव्रणांनी जाई. हे चित्र पालटण्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरुवात झाली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली लुडविग गुटमान यांनी या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, तर अमेरिकेत प्रागहून आलेले मूत्ररोगतज्ज्ञ अर्नेस्ट बोर्स यांनी कॅलिफोर्नियातील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हेच काम हाती घेतले. १९५० साली प्रदर्शित झालेल्या, मार्लन ब्रँडोच्या पहिल्या चित्रपटातील, म्हणजे ‘द मेन’मधील, डॉक्टरांची व्यक्तिरेखा बोर्स यांच्यावरूनच घडवलेली होती.

बोर्स यांच्या कामाची जात त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या बर्फपाण्याच्या चाचणीतून चांगली कळते. लघवीच्या नळीवाटे मूत्राशयात थोडे थंडगार पाणी सोडायचे आणि वाट पाहायची, एवढीच ती चाचणी. मज्जारज्जूच्या तळाशी असलेले लघवीचे केंद्र शाबूत असून इजा त्याच्या वर असेल, तर मेंदूचा अटकाव सुटलेले मूत्राशय झटक्याने आकुंचन पावते आणि पाणी, कधी कधी तर नळीसुद्धा, बाहेर फेकते. ते केंद्रच निकामी झाले असेल तर मूत्राशय स्वस्थ राहते. या फरकाला मोल होते, कारण ताब्यात नसलेल्या मूत्राशयातील वाढलेला दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून ती निकामी करतो, आणि त्या काळी पक्षाघातग्रस्तांच्या मृत्यूचे ते एक मोठे कारण होते.

अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ स्पायनल कॉर्ड मेडिसिन’ या नियतकालिकातील लेखनासाठी तरुण संशोधकांना दिला जाणारा पुरस्कार बोर्स यांच्या नावाने आहे. तो प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाला मिळतो, ही बाब विशेष महत्त्वाची वाटते. होतकरूपणाची दखल पुष्कळ ठिकाणी घेतली जाते, पण पूर्ण झालेल्या, तपासल्या गेलेल्या कामाची दखल या क्षेत्रात फार मोठी गोष्ट आहे. एक तर एकसारखी इजा झालेले रुग्ण एका रुग्णालयात थोडेच असतात. इजेचे वर्गीकरण ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणींत होते. त्यासाठी प्रत्येक बाजूच्या दहा स्नायूंची ताकद आणि अठ्ठावीस जागांची संवेदना तपासली जाते, आणि गुदद्वाराजवळच्या सर्वांत खालच्या भागात संवेदना वा हालचाल काहीच उरली नसेल तरच इजा ‘पूर्ण’ म्हटली जाते. शिवाय पहिल्या काही महिन्यांत कित्येक रुग्णांत निसर्गतःच थोडी सुधारणा होत असल्याने श्रेय उपचाराचे की निसर्गाचे, हे ठरवण्यास दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो. नोकरीची मुदत दोन-तीन वर्षांची असणाऱ्या तरुण डॉक्टरला एवढा धीर धरणे परवडत नाही. त्याला वाटेत कोणी तरी हात देणे भागच असते.

पुरस्कार मूत्ररोगतज्ज्ञाच्या नावाचा असणेही उचित आहे. मज्जारज्जू पुन्हा जोडून रुग्णाला चालवण्याच्या प्रयोगांना वृत्तपत्रांत मोठी जागा मिळते. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन सर्वेक्षणात ६८१ रुग्णांना प्राधान्यक्रम विचारला असता हातपाय दोन्ही लुळे पडलेल्यांनी हातांची हालचाल आणि केवळ पाय लुळे पडलेल्यांनी लैंगिक क्षमता सर्वांत वर ठेवली, तर मलमूत्रावरील ताबा दोन्ही गटांना निकडीचा वाटला. तरुणांनी कोणत्या प्रश्नांना हात घालावा, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

महाराष्ट्रात हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि खडकी येथील जखमी सैनिकांचे पुनर्वसन केंद्र यांनी हे काम अनेक दशके चालवले आहे. भारतात अशा इजा रस्त्यावरील अपघातांप्रमाणेच झाडावरून, गच्चीवरून पडल्यानेही मोठ्या प्रमाणावर होतात, आणि घरी परतलेल्या रुग्णापुढचे प्रश्न इथल्या घरांचे असतात. १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिड्स यांनी रुग्णाने दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली आणि तिने असंख्य मूत्रपिंडे वाचवली. पण दर वेळी नवी नळी विकत घेणे ज्याला झेपत नाही, ज्याच्या घरी पाणी एक दिवसाआड येते आणि ज्याच्या खुर्चीला संडासाचा उंबरठा ओलांडता येत नाही, त्याने एक नळी कशी धुवावी, कुठे वाळवावी आणि किती वेळा वापरावी, हा संशोधनाचाच विषय आहे, आणि त्यासाठी लागणारे रुग्ण लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या तरुण डॉक्टरला आपल्याच जिल्ह्यात भेटतील.