पेसमेकर आणि जागेवरची सायकल
पेसमेकर बसवल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणं लवकरच सुरू करता येतं; जपायचं ते पेसमेकरच्या बाजूच्या हाताला. पेसमेकरची हृदयातली तार पक्की बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर तो हात खांद्याच्या वर नेऊ नये. अगदी बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो.

श्रमांनुसार ठोके वाढावेत म्हणून बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर असतो. चालताना छाती हलते, ते त्याला कळतं. जागेवरची सायकल मारताना पाय राबतात, छाती मात्र जवळजवळ स्थिर. मग ठोके पुरेसे वाढत नाहीत, दम लागतो आणि माणूस स्वतःलाच अशक्त समजू लागतो. असा दम लागला तर डॉक्टरांना जरूर सांगा. सेन्सरची संवेदनशीलता बाहेरूनच, शस्त्रक्रियेविना बदलता येते.