दातृत्व आणि दायित्व

नफा मिळविणे हे उद्योगाचे काम खरे; परंतु त्या नफ्यावर समाजाचा हक्क किती, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. १ एप्रिल २०१४ पासून त्याला कायद्याचे उत्तर मिळाले. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमानुसार, ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. किती द्यावयाचे, हे कायद्याने ठरविले. मात्र दिलेले किती काळ टिकावयाचे, हे मालकाच्या वृत्तीवरच अवलंबून राहिले. खानदेशचा इतिहास याची साक्ष देतो.

अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्यापुढे असा कोणताही कायदा नव्हता. तरीही १९१६ साली त्यांच्या आश्रयाने तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले, ते याच संस्थेत अध्ययनासाठी. पुढे काळाच्या ओघात गिरणी बंद पडली; प्रताप महाविद्यालय मात्र आजही चालू आहे. द्रव्य एकदा संस्थेच्या हवाली झाले, की ते गिरणीच्या नफ्यातोट्यापासून मुक्त होते. पण ज्यांची चूल गिरणीच्या भोंग्यावर पेटत असे, त्या कामगारांना असे संरक्षण कोठे होते? दातृत्वाच्या गौरवात हा हिशेब विसरता कामा नये.

याच अमळनेरात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाच्या धंद्याचा पाया घातला. त्यातूनच पुढे विप्रो वाढली. १९६६ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या अझीम प्रेमजी यांनी नफ्यातील वाटा नव्हे, तर मालकीच दानात घातली. २०१९ पर्यंत विप्रोच्या ६७ टक्के मालकीचा आर्थिक लाभ त्यांच्या परोपकारी कार्याकडे वळविला गेला होता.

जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्रीने आरंभ केला. पुढे त्यांच्या कंपनीचे ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचली. येथे धंद्याचा लाभ आणि समाजाचे हित एकाच वाटेने चालले. २०१२ मध्ये गांधी तीर्थही उभे राहिले. २०१६ मध्ये भवरलाल गेले. २०१९ मध्ये कंपनी कर्जाच्या ओझ्याने अडचणीत आली. कायद्याचे दोन टक्के हे नफ्याचे असतात. नफाच आटला, तर सक्तीही आटते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे उदाहरण आणखी निराळे. तेथे नाले खोल व रुंद करून साखळी बंधारे बांधण्याच्या कामाला २००४ पासून प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीने पैसा पुरविला. सहकारी संस्थेचे मालक तिचे सभासद. म्हणजे हे दान एका धनिकाचे नव्हे, तर अनेकांच्या सामायिक मिळकतीचे. म्हणूनच त्याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकारही अनेकांचा.

मालक उदार असणे ही समाजाच्या भाग्याची गोष्ट आहे. परंतु समाजाचे भवितव्य केवळ भाग्यावर सोपवून चालत नाही. गांधीजींनी धनिकाला विश्वस्त म्हटले, आणि विश्वस्ताला हिशेब द्यावाच लागतो. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात समाजकार्याचा तपशील देणे आज बंधनकारक आहे. तो वाचून सुशिक्षितांनी तीन प्रश्न विचारावेत: कामगाराचे देणे आधी चुकते झाले काय? हे कार्य कोणाच्या गरजेने ठरले? आणि उद्या मालक नसला, नफा नसला, तरी ते उभे राहील काय? या प्रश्नांना जेथे होकारार्थी व प्रामाणिक उत्तर मिळेल, तेथेच दातृत्वाचे रूपांतर दायित्वात झाले, असे म्हणता येईल.