स्मृतिभ्रंशानंतरचं सहजीवन

नोव्हेंबर १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्टं डेटर यांना दाखल केलं गेलं. घरात सर्वांत आधी जाणवलेला बदल होता नवऱ्यावरचा संशय. विसरभोळेपणा मागून आला. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये जगापुढे मांडलेली रुग्ण हीच. म्हणजे या आजाराच्या इतिहासाचं पहिलं पानच नवरा-बायकोच्या नात्यावर उघडतं.

आपण मात्र ते पान मिटून ठेवतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. पुण्याच्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने हा विषय मराठी पडद्यावर आणला, पण तिथे केंद्रस्थानी बाप-लेक आहेत. मुलं परदेशी आणि घरात सत्तरीची दोघंच, हे चित्र कोथरूडला नवं नाही. त्या दोघांच्या शेजेचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

बदल साधारण तीन तऱ्हांचे. काहींची इच्छा विझते. काहींचा, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यास, संयम सुटतो. काहींना जोडीदारच परका वाटतो: ‘तुम्ही कोण? माझ्या खोलीत कशा?’ इकडे ज्याला न्हाऊ-जेवू घालायचं, त्याच्याकडे नवरा म्हणून पाहणं बायकोला जमेनासं होतं. ओढ आटली तरी अपराधी वाटतं, उरली तरीही. दोन्ही स्वाभाविकच आहे.

संशयाला पुरावे देऊन उपयोग नसतो. तो आरोप नव्हे, लक्षण असतं. वाद न घालता धीर द्यावा, विषय बदलावा. संयम सुटत असेल तर संकोच सोडून डॉक्टरांना सांगावं. पार्किन्सनवरची काही औषधंही त्याला कारण असू शकतात. लग्नात दिलेला होकार जन्माला पुरत नाही. शब्द हरवले तरी देह बोलतो: अंग आखडलं, हात झटकला, की तो नकार. नकाराचा हक्क सांभाळणाऱ्यालाही आहे. वेगळी खाट म्हणजे वेगळं होणं नव्हे.

पाडव्याच्या पहाटे बायकोनं नवऱ्याला तेल-उटणं लावायची आपली रीत आहे. त्या स्पर्शाला काही मागायचं नसतं. नाव विसरलेल्या माणसालाही ऊब कळू शकते. आजारी ती असेल, तर यंदा तेलाची वाटी त्यानं हाती घ्यावी.